बेसमेंटमधल्या होम थिएटरला दर उन्हाळ्यात येणारा कुबट वास: निदान आणि कमी खर्चाचे उपाय

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या आणि मध्यपश्चिमेकडच्या राज्यांत, विशेषतः न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इलिनॉय येथे, बेसमेंटमधली एक खोली स्वतःच्या मेहनतीने आणि मोजक्या पैशांत होम थिएटर म्हणून सजवणारी मराठी कुटुंबे आता बरीच आहेत, आणि त्यांच्याकडून एक तक्रार दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. हिवाळाभर खोली उत्तम असते. जूनच्या मध्यावर दार उघडताच कुबट वास येतो, जुलैमध्ये गालिचा तळपायाला सर्द लागू लागतो, आणि ऑगस्टमध्ये कोपऱ्यातले ध्वनिशोषक पॅनेल हलवले की त्याच्या पाठीवर काळपट हिरवे ठिपके दिसतात. मग पॅनेल पुसले जाते, गालिचा धुतला जातो, ऑक्टोबरमध्ये वास आपोआप नाहीसा होतो आणि त्याचे श्रेय केलेल्या उपायाला मिळते. पुढच्या जूनमध्ये तोच वास परत येतो.

वास ऋतूप्रमाणे येतो आणि जातो, ही या तक्रारीतली सर्वांत उपयोगी माहिती आहे, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते. ‘बेसमेंटला ओल आहे’ एवढ्यावर थांबून बहुतेक जण थेट उपाय विकत घेतात. कोणी भिंतीला जलरोधक रंग लावतो, तर कोणी कंत्राटदाराकडून स्लॅबची, म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीची, कड फोडून आतल्या बाजूने निचऱ्याची नळी टाकून घेतो, आणि तो खर्च कित्येक हजार डॉलरवर जातो. ओल खरोखर जमिनीतून येत असेल तर हा खर्च योग्यच आहे. परंतु केवळ उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या वासामागचे पाणी बहुधा हवेतून आलेले असते, आणि त्या पाण्यावर स्लॅबखालची नळी काहीही करू शकत नाही.

उन्हाळ्यातच का?

बेसमेंटच्या भिंती आणि खालचा स्लॅब मातीला टेकलेले असतात, आणि माती उन्हाळ्यात हवेच्या मानाने फार सावकाश तापते. न्यू जर्सीत जुलैच्या दुपारी बाहेर ८५ ते ९० अंश फॅरनहाइट तापमान असले, तरी स्लॅब आणि भिंतीचा खालचा भाग ६५ अंशांच्या, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअसच्या, आसपास असू शकतो. बाहेरची हवा ८५ अंश तापमानाची आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, ६९ ते ७० अंशांच्या दरम्यान येतो. याचा अर्थ असा, की ही हवा ६५ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिच्यातले पाणी तेथे साचू लागणारच. थंडगार पन्ह्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तोच प्रकार येथे भिंतीला आणि स्लॅबला होतो. फरक इतकाच, की काँक्रीट आणि गालिचा तो घाम शोषून घेतात, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही.

भिंत प्रत्यक्ष ओली होण्याचीही गरज नसते. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही काळ टिकली, तरी बुरशीला तेवढे पुरते. खोलीच्या मध्यभागी ७२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर आर्द्रतामापकाकडे पाहून कोणालाही काळजी वाटणार नाही. पण त्याच हवेची आर्द्रता ६४ अंशांच्या भिंतीलगत ८० टक्क्यांना टेकलेली असते. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली, तर भिंतीजवळ ती ६६ टक्क्यांच्या आसपास राहते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्के ठेवावी असे सांगते. बेसमेंटसाठी त्यातली ६० ही मर्यादा उपयोगाची नाही, ५० हेच लक्ष्य ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण वरचे गणित आहे.

येथे आपल्याकडची एक सवय आड येते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला कोंदट खोलीवरचा उपाय विचारला, तर तो खिडक्या उघडा, हवा खेळू द्या, असेच सांगेल, आणि पावसाळा संपल्यानंतरच्या पुण्यात किंवा नाशकात ते बरोबरही आहे. न्यू जर्सीच्या जुलैत बेसमेंटची खिडकी उघडणे म्हणजे खोलीत पाणी ओतणे होय. १२ बाय १८ फुटांच्या, ८ फूट उंचीच्या खोलीतली हवा बाहेरच्या वर सांगितलेल्या हवेने एकदा पूर्ण बदलली, तर जवळजवळ पावणेचारशे मिलिलिटर जादा पाणी आत येते, आणि खिडकी उघडी असताना हवा दिवसातून अनेकदा बदलते. वास घालवण्यासाठी बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला, तर परिणाम तोच होतो, कारण जितकी हवा बाहेर जाते तितकीच दमट हवा घराच्या फटींतून आत ओढली जाते. शिवाय बेसमेंटमध्ये चिमणीने धूर सोडणारा जुन्या पद्धतीचा गॅसचा बंब असेल, तर अशा पंख्यामुळे त्याचा धूर उलटा खोलीत येण्याचा धोका असतो, म्हणून हा उपाय करूच नये.

पाणी कुठून येते, ते आधी ठरवावे

पाण्याचे मार्ग तीन असू शकतात: भिंतीतून झिरपणारे पावसाचे पाणी, स्लॅबमधून वर येणारी बाष्परूप ओल, आणि हवा. एकाच घरात दोन मार्ग एकत्र असणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे एक सापडला म्हणून तपास थांबवू नये.

झिरपणारे पाणी आपले वेळापत्रक पाळते. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांत, आणि बहुधा त्याच ठरावीक कोपऱ्यात, ते दिसते. भिंतीला पांढरा लोणा लागलेला असणे, लोखंडी खांबाच्या तळाशी गंज चढलेला असणे, ड्रायवॉलच्या, म्हणजे भिंतीला लावलेल्या जिप्समच्या तक्त्याच्या, खालच्या कडेला तपकिरी रेघ उमटलेली असणे, या त्याच्या खुणा आहेत. अशा खुणा नसतील आणि वास कोरड्या आठवड्यातही तितकाच येत असेल, तर झिरपण्याचा संशय बराच कमी होतो.

स्लॅब आणि हवा यांच्यातला फरक ओळखण्यासाठी एक जुनी आणि जवळजवळ फुकटची चाचणी आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा १८ इंच चौरस तुकडा उघड्या स्लॅबवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि किमान १६ तास, शक्यतो दोन दिवस, तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीट काळसर पडले, तर ओल जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूला दमटपणा आला, तर ती खोलीतल्या हवेची आहे. भिंतीवर हीच चाचणी ॲल्युमिनियम फॉइलने करता येते. गालिचा आधीच घातलेला असेल, तर एका कोपऱ्यात तो पट्टीवरून उचलून, खालचे स्पंज बाजूला करून चाचणी करावी. तेथे उचकटण्याचे काम नकोसे वाटले, तरी ते टाळू नये, कारण गालिचाखालची अवस्था पाहण्याची ती एकमेव संधी असते. घर १९८० पूर्वीचे असेल आणि गालिचाखाली ९ इंचांच्या चौकोनी जुन्या फरश्या निघाल्या, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्या खरवडू नयेत, फोडू नयेत. जशा आहेत तशा झाकून ठेवणे हेच सुरक्षित आहे.

यासोबत दोन आर्द्रतामापक घ्यावेत. दहा ते पंधरा डॉलरचे साधे यंत्र पुरेसे असते, पण ते खरे बोलते की नाही हे तपासावे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन, ते विरघळणार नाही इतपतच पाणी घालून त्याचा ओला लगदा करावा आणि तो व मापक एका झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवावेत. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा गुणधर्म आहे. मापक ७० दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवावेत. एक मापक खोलीच्या मध्यभागी आणि दुसरा मागच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, पॅनेलच्या पाठीशी ठेवावा. दोन्हींच्या आकड्यांतला फरक पाहिला, की पुढचे बरेच काही समजते.

थिएटरच्या खोलीलाच हा त्रास अधिक का होतो

त्याच बेसमेंटमध्ये शेजारी उघडी पडलेली, सामानाने भरलेली बाजू असते, आणि तिला सहसा इतका वास येत नाही. याचे कारण असे, की चांगले थिएटर होण्यासाठी आपण जे जे करतो, त्यातले बहुतेक सगळे बुरशीच्या सोयीचे असते.

पहिली गोष्ट पॅनेलची. खनिज लोकर किंवा काचतंतू भरलेले दोन इंची पॅनेल बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटवून टांगले, की ते खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. त्यामुळे पॅनेलमागची भिंत उघड्या भिंतीपेक्षा अधिक थंड होते. बाष्प मात्र कापडातून आणि लोकरीतून सहज आरपार जाते. थंड पृष्ठभाग, तेथपर्यंत पोहोचणारे बाष्प आणि वारा अजिबात नाही, अशी ती जागा होते. लोकर स्वतः बुरशीचे अन्न नाही, पण पॅनेलची लाकडी चौकट, कापड आणि त्यावर बसलेली धूळ हे सर्व अन्नच आहे. खोल आवाजासाठी कोपऱ्यात उभे केलेले जाड शोषक तर आणखी वाईट, कारण दोन बाहेरच्या भिंती आणि स्लॅब जेथे मिळतात तो कोपरा उन्हाळ्यात खोलीतला सर्वांत थंड भाग असतो. सुदैवाने यावरचा उपाय आवाजाच्याही फायद्याचा आहे. पॅनेल भिंतीपासून दोन इंच पुढे टांगले, तर मागे हवा फिरते आणि खालच्या पट्टीतल्या आवाजाचे शोषणही वाढते. लाकडाचे चार ठोकळे लावण्यापलीकडे त्याला खर्च नाही. कोपऱ्यातले शोषक जमिनीवर न टेकवता दोन-तीन इंचांच्या पायांवर उभे करावेत.

दुसरी गोष्ट मागच्या आसनांसाठी बांधलेल्या चौथऱ्याची, ज्याला सगळे रायझर म्हणतात. लाकडी चौकट थेट स्लॅबवर ठेवून, पोकळी काचतंतूने भरून, वरून प्लायवुड आणि गालिचा ठोकून तो बंद केलेला असतो. माझ्या पाहण्यात सर्वांत वाईट बुरशी याच्याच पोटात निघते, कारण तेथे थंड स्लॅब आहे, लाकूड आहे आणि आत शिरलेल्या ओलीला परत जाण्याची वाट नाही. नव्याने बांधणाऱ्यांनी तळाच्या पट्ट्या दाबप्रक्रिया केलेल्या लाकडाच्या घ्याव्यात, त्यांच्याखाली फोमची पातळ पट्टी घालावी, स्लॅबवर आधी एक ते दोन इंच जाडीचे कडक फोमचे तक्ते पसरावेत आणि चौथऱ्याच्या पुढच्या व मागच्या उभ्या बाजूंना जाळीची छिद्रे ठेवावीत. आधीच बांधलेल्या चौथऱ्याला निदान जाळ्या तरी बसवाव्यात.

तिसरी गोष्ट बंदिस्तपणाची. आवाज वरच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून दुहेरी ड्रायवॉल, दाराला रबरी पट्ट्या आणि कित्येकदा वातानुकूलनाचे तोंडसुद्धा बंद केलेले असते. खोलीतून आवाज जितका कमी सुटेल, तितकी हवाही कमी सुटते. त्यात आठ माणसे अडीच तासांच्या चित्रपटाला बसली, की केवळ श्वासातून आणि घामातून साधारण लिटरभर पाणी खोलीत येते. स्थिर बसलेला माणूस तासाला सुमारे ५० ग्रॅम बाष्प सोडतो, हे लक्षात घेतले तर हा आकडा आश्चर्याचा वाटणार नाही. चहाची किटली आणि मायक्रोवेव्हमधले पॉपकॉर्न यांचा हिशेब त्यात धरलेला नाही.

चौथी गोष्ट भिंतीच्या आतली आहे आणि ती दिसत नाही. काँक्रीटच्या भिंतीपुढे लाकडी चौकट, तिच्यात काचतंतूची गादी, तिच्यावर पॉलिथिनचा कागद आणि मग ड्रायवॉल, अशी रचना अनेक ठिकाणी केलेली आढळते. हिवाळ्यातल्या वरच्या मजल्यावरच्या भिंतीसाठी जो विचार योग्य आहे, तो येथे जसाच्या तसा उचललेला असतो. बेसमेंटमध्ये भिंतीला फक्त आतल्या दिशेनेच वाळता येते, आणि पॉलिथिन तीच वाट अडवते. आत काय चालले आहे हे पाहण्यासाठी ड्रायवॉल फोडण्याची गरज नाही. ब्रेकरवरून वीज बंद करून बाहेरच्या भिंतीवरच्या एखाद्या विद्युत खोक्याचे झाकण काढावे, नाक जवळ न्यावे, आणि फोनला जोडता येणारा तारेचा स्वस्त कॅमेरा खोक्याच्या कडेने आत सरकवता आला तर तो सरकवावा. तेथून वास येत असेल, तर प्रश्न खोलीतल्या हवेपुरता राहिलेला नाही.

उपाय

सुरुवात घराबाहेरून करावी, कारण तेथे पैसे जवळजवळ लागत नाहीत. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे ६२० गॅलन, म्हणजे २,३०० लिटरांहून अधिक पाणी पन्हळीत येते, आणि पन्हळीची नळी भिंतीच्या बुडाशीच संपत असेल तर ते सगळे पायाशेजारी मुरते. मध्य जर्सीतल्या चिकण तांबड्या मातीत ते लवकर खालीही जात नाही. नळीला जोडणारा लांबीचा तुकडा दहा-वीस डॉलरला मिळतो. त्याने पाणी किमान सहा फूट दूर सोडावे. घराभोवतीच्या मातीला पहिल्या दहा फुटांत सहा इंचांचा उतार असावा, असे बांधकाम संहितेचे प्रमाण आहे. फुलझाडांसाठी दरवर्षी टाकलेल्या लाकडी भुशाने हा उतार कित्येकदा उलटा झालेला असतो. झिरपण्याच्या खुणा सापडल्या असतील, तर हे दोन बदल करून पुढचे दोन-तीन मोठे पाऊस पाहिल्याशिवाय कोणत्याही कंत्राटदाराचे दरपत्रक मागवू नये. जलरोधक रंगाबद्दल इतकेच म्हणेन, की बाहेरून पाण्याचा दाब असेल तर तो फुगून सुटतो, आणि दाब नसेल तर त्याची फारशी गरज नसते.

यानंतरचा आणि उन्हाळी वासावरचा मुख्य उपाय म्हणजे डीह्युमिडिफायर, अर्थात हवेतले बाष्प खेचून त्याचे पाणी करणारे यंत्र. अंदाजपत्रकात त्यासाठी दोनशे ते तीनशे डॉलर धरावेत, आणि ते नसतील तर दुसरा सबवूफर पुढच्या वर्षावर ढकलावा. खरेदी करताना क्षमतेच्या, म्हणजे यंत्र दिवसाला किती पाइंट (पाइंट म्हणजे सुमारे अर्धा लिटर) पाणी खेचते त्या, आकड्यात गफलत होते. २०१९ मध्ये अमेरिकेत या यंत्रांची चाचणी ८० अंशांऐवजी ६५ अंशांच्या खोलीत घेण्याचा नियम लागू झाला. थंड हवेतून पाणी कमी निघते, म्हणून पूर्वी ७० पाइंट म्हणून विकले जाणारे यंत्र आता साधारण ५० पाइंटचे म्हटले जाते. जुन्या सल्ल्यांत ७० पाइंट घ्या असे लिहिलेले आढळले, तर ते आजचे ५० पाइंट समजावे. छोटे २० पाइंटचे यंत्र स्वस्त पडते, पण संपूर्ण बेसमेंटसाठी ते दिवसरात्र चालूनही लक्ष्य गाठत नाही.

हे यंत्र थिएटरच्या खोलीत ठेवू नये. ते आवाज करते, आणि खेचलेल्या बाष्पाची व स्वतःच्या विजेची उष्णता खोलीतच सोडते, म्हणून चित्रपट चालू असताना ते बंद केले जाते आणि मग बंदच राहते. ते शेजारच्या उघड्या भागात, लांब वायरचा आधार न घेता थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवावे आणि खोली वापरात नसताना तिचे दार उघडे ठेवावे. दार उघडे ठेवणे शक्य नसेल, तर सहा इंची नळीतला एक लहान पंखा कोरडी हवा आत ढकलण्यासाठी लावावा आणि हवा परत येण्यासाठी दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी वाट द्यावी. दोन्ही नळ्यांना आतून मऊ अस्तर आणि दोन-दोन वळणे दिली, की आवाज फारसा निसटत नाही. रबरी पट्ट्यांचे दार बंद असताना एकाच नळीने हवा फिरत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि पंख्याला दोष दिला जातो.

वातानुकूलन चालू आहे म्हणून हे यंत्र नको, हा युक्तिवाद नेहमी येतो. मध्यवर्ती वातानुकूलनाचे तापमान वरच्या मजल्यावरच्या थर्मोस्टॅटवर ठरते आणि बेसमेंट मुळातच थंड असते. तेथे आणखी थंड हवा सोडली, तर पृष्ठभाग अधिक गार होतात आणि सापेक्ष आर्द्रता वाढते. वातानुकूलन बाष्प काढतेच, पण बेसमेंटच्या गरजेप्रमाणे काढत नाही.

गालिचाबाबत माझे मत ठाम आहे. फोम किंवा उंचवट्यांच्या प्लास्टिक पत्र्याचा थर मध्ये न घालता स्लॅबवर स्पंज आणि भिंत-ते-भिंत गालिचा घालणे चुकीचे आहे, मग तो कितीही स्वस्तात मिळो. विनाइलच्या पट्ट्या आणि त्यांवर उचलता येण्याजोगा जाड गालिचा एवढ्याने आवाजाचे काम भागते. भिंती नव्याने उभारायच्या असतील, तर काँक्रीटला कडक फोमचे दोन इंची तक्ते चिकटवून त्यांचे सांधे पट्टीने बंद करावेत, मग चौकट आणि अर्धा इंच ड्रायवॉल घ्यावे, पॉलिथिन घालू नये, आणि ड्रायवॉलची कड स्लॅबपासून अर्धा इंच वर ठेवावी. फोम उघडा ठेवणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे आणि संहितेलाही मान्य नाही.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटापुरते ठीक आहेत. खोलीसाठी त्यांचा उपयोग नगण्य आहे. डांबरगोळ्या तर ठेवूच नयेत, कारण त्या पाणी शोषत नाहीत आणि त्यांची वाफ बंद खोलीत श्वासाला घातक असते.

स्लॅब किंवा संप पंपाचा खड्डा (जमिनीखाली साचणारे पाणी जेथून पंपाने बाहेर फेकले जाते तो) उघडाच आहे, तर त्याच वेळी रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची चाचणीही करून घ्यावी. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांतून जाणारा रीडिंग प्रॉंग हा खडकांचा पट्टा या वायूसाठी प्रसिद्ध आहे. चाचणीत लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा अधिक आकडा आला, तर उपाय करावा असे पर्यावरण संरक्षण संस्थेचे सांगणे आहे. स्लॅबखालची हवा ओढून छपरावर सोडणारा पंखा बसवावा लागलाच, तर स्लॅबमधून येणारी ओलही काही प्रमाणात घटते.

बुरशी आधीच आली असेल तर

डाग एकंदर दहा चौरस फुटांपेक्षा कमी असतील, तर घरच्या घरी साफ करता येतात. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि गॉगल घालून, टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण वाळवावेत. ब्लीचचा नेहमीचा वापर पर्यावरण संरक्षण संस्था सुचवत नाही. गालिचाखालचा स्पंज, पॅनेलचे कापड आणि कागदी पाठीचे भिजलेले ड्रायवॉल वाचवण्याचा प्रयत्न करू नये. ते फेकून द्यावे. पाणी तुंबण्याची घटना झाली, तर २४ ते ४८ तासांत सर्व वाळवणे हा एकच नियम आहे. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या अवशेषांनी नेवार्कमध्ये एका दिवसात ८ इंचांहून अधिक पाऊस पाडला, तेव्हा ज्या बेसमेंटमध्ये संप पंप होते, तेथेही वीज गेल्यावर पाणी चढले. पंपाला बॅटरीची जोड असावी आणि वसंत ऋतूत खड्ड्यात एक बादली पाणी ओतून तो चालतो की नाही हे पाहावे. नेहमीच्या गृहविम्यात पूर येत नाही, आणि संपमधून उलटलेल्या पाण्यासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते. महागडा प्रोजेक्टर घेण्याआधी हे कागद वाचावेत.

भारतात जाण्यापूर्वी

शाळा सुटल्या की जूनअखेरीस अनेक मराठी घरे पाच-सहा आठवड्यांसाठी भारतात जातात, आणि नेमका हाच काळ बेसमेंटला सर्वांत वाईट असतो. वीज वाचावी म्हणून वातानुकूलन बंद केले जाते, थिएटरचे दार ओढून घेतले जाते, आणि डीह्युमिडिफायरची बादली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरली की यंत्र स्वतःहून थांबते. ऑगस्टमध्ये कुलूप उघडल्यावर जो वास येतो, त्याचे मूळ बहुधा एवढेच असते. त्यासाठी बादलीवर विसंबू नये; यंत्राची नळी जमिनीतल्या निचऱ्याला किंवा संपला उताराने जोडावी, आणि उतार मिळत नसेल तर पन्नास-साठ डॉलरचा छोटा पंप लावावा. वातानुकूलन ८० अंशांवर चालू ठेवावे, थिएटरचे दार उघडे ठेवावे, पॅनेल व आसने भिंतीपासून ओढून घ्यावीत, घराच्या पाण्याची मुख्य तोटी बंद करावी आणि आकडे फोनवर पाठवणारा एखादा मापक खोलीत ठेवावा. विजेचा हिशेब असा, की ५०० वॅटचे यंत्र दिवसाला १२ तास चालले तर महिन्याला १८० युनिट होतात. आपल्या बिलातल्या दराने त्यांना गुणले की खर्च कळतो, आणि तो नव्या गालिचापेक्षा पुष्कळ कमी असतो.

यंत्र मेच्या मध्यावर, वास येण्याच्या आधीच, सुरू करावे. काँक्रीट, लाकूड आणि ड्रायवॉल यांत मुरलेले पाणी बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे ते जवळजवळ अखंड चालेल. त्यावरून यंत्र बिघडले किंवा अपुरे आहे असा निष्कर्ष काढू नये. पुढे ऑक्टोबरमध्ये बाहेरचा दवबिंदू ५० अंशांच्या खाली स्थिरावला की ते बंद करता येते.

आकडा बरोबर, पण वास कायम

खोलीच्या मध्यभागी महिनाभर ५० टक्के टिकूनही वास येत असेल, तर जमिनीलगतच्या कोपऱ्यातला मापक पाहावा. तो १० टक्क्यांहून अधिक वर असेल, तर कोरडी हवा तेथे पोहोचत नाही, आणि प्रश्न पॅनेल, आसने किंवा नळ्यांच्या मांडणीचा आहे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि चांगले असतील, तर ओल गेलेली असून तिने मागे ठेवलेला माल शिल्लक आहे. अशा वेळी सुगंधी फवारे आणि ओझोनची यंत्रे यांवर पैसे न घालवता चौथऱ्याच्या वरच्या प्लायवुडचा भिंतीकडचा एक तुकडा स्क्रू काढून उचलावा आणि आतल्या काचतंतूचा हातभर भाग बाहेर काढून उजेडात पाहावा. तो काळवंडलेला निघाला तर चौथरा रिकामा करावा लागेल. तो कोरडा आणि स्वच्छ निघाला, तर पुढचा संशय बाहेरच्या भिंतीवरच्या विद्युत खोक्यांवर घ्यावा, आणि तेथेही काही सापडले नाही तर धुलाईच्या यंत्राजवळच्या जमिनीतल्या निचऱ्यात मगभर पाणी ओतावे, कारण त्याच्या नळीच्या वळशात साचून राहणारे पाणी सुकले की गटाराचा वास येतो आणि तो बुरशीचाच समजला जातो.